पाचव्या मजल्यावरची रांग

"एकच मुलगी?" मधल्या खुर्चीतल्या साहेबांनी विचारलं.

"हो. चार वर्षांची आहे."

"आणि पुढे?"

दासोमच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या मुली तिच्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान होत्या. तिघींचे सूट काळे, तिघींचे केस मागे जाळीत घट्ट बसवलेले, तिघींचा उजवा हात डाव्या हातावर, मांडीवर. लांबून पाहिलं असतं तर एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं, इतक्या सारख्या. पण हा प्रश्न त्या दोघींना आला नव्हता. त्यांना लग्नाचं विचारलं होतं आणि 'इतक्यात नाही' म्हणून गोड हसून दोघी सुटल्या होत्या.

प्रश्न येणार हे दासोमला माहीत होतं. उत्तरही तयार होतं, बसमध्ये ती तेच घोकत आली होती. फक्त परवापर्यंत ते उत्तर खरं होतं. काल संध्याकाळी न्हाणीघराचं दार लावून तिने ती पट्टी दिव्याखाली धरली, तिच्यावर दोन रेघा उमटल्या, आणि तेव्हापासून ते खोटं झालं. अजून कुणाला सांगितलं नव्हतं. नवरा दूर कोजे बेटावरच्या जहाजकारखान्यात, महिन्यातून दोनदा घरी येणारा. सासूबाई शेजारच्या खोलीत नातीला गोष्ट सांगत होत्या. दासोमने पट्टी कागदात गुंडाळली, कागद पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि बाहेर येऊन भांडी घासली.

"एक पुरे आहे," ती म्हणाली. "आमचं दोघांचं ठरलंय."

टेबलाच्या उजव्या टोकाला बसलेल्या बाईंनी तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेल्या. त्या पाचव्या मजल्याच्या इन्चार्ज, मेंगबाई. इतका वेळ त्या नुसतं ऐकत होत्या. आता त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि दासोमकडे अशा नजरेने पाहिलं, जशी बाजारात दिवसभर फिरून शेवटी मनासारखी वस्तू दिसावी.

"या दोघींना जाऊ द्या," त्या साहेबांना म्हणाल्या. "हिला मी वर घेऊन जाते."

मुली उठल्या, कमरेत वाकून नमस्कार करून गेल्या. जाताना एकीने दासोमकडे वळून पाहिलं. तिला हेवा वाटला असावा.

दासोमचंही मन एकदम हलकं झालं. नर्सिंगला तिने उशिरा प्रवेश घेतला होता, मुलगी दूध सोडायच्या आत. वर्गातल्या पोरी तिला 'मोठी ताई' म्हणायच्या आणि परीक्षेच्या आधी तिच्याकडून टिपणं घ्यायच्या. परीक्षा झाली, परवाना हातात आला, पोरी एकेक करून मोठमोठ्या रुग्णालयांत लागल्या. मोठी ताई राहिली. जोन्जूच्या मोठ्या रुग्णालयात तिला विचारलं होतं, "मुलगी तापाने फणफणली आणि त्याच रात्री तुमची नाइट असली तर?" ती म्हणाली, सासूबाई आहेत. "आणि सासूबाई आजारी पडल्या तर?" तिथूनही नकार आला. बसने जाण्याजोगं, रोज घरी परतता येण्याजोगं आता हे कुन्सानचं एकच उरलं होतं. इथे नाही झालं तर परवाना कपाटात ठेवून मासळीच्या कारखान्यात उभं राहायचं, हे तिने मनाशी ठरवलेलं होतं.

सकाळी सासूबाईंनी तिच्या हातात तांदळाच्या चिक्कीचा तुकडा कोंबला होता. "चघळ. दाताला चिकटली की नोकरीही चिकटते."

"आई, दात निघाला तर?"

"दाताचं बघू नंतर. आधी नोकरी."

लिफ्टमध्ये मेंगबाई तिच्या जवळ उभ्या राहिल्या. दासोमच्या जाळीतून सुटलेली एक बट त्यांनी पिनेत अडकवली. हात ऊबदार होता, आईसारखा.

"तुझं वय मला आवडलं," त्या म्हणाल्या. "त्या चोविशीतल्या पोरी येतात, शिकवून तयार करावं, तोवर लग्न. मग पुढचं सगळं. तू त्यातून सुटलीस. नवऱ्याचंही ठरलंय ना नक्की? नाहीतर बायका ठरवतात आणि पुरुष मुलगा हवा म्हणून बसतात."

"नाही, तो तसा नाही."

"आणि सासू?"

"त्या म्हणतात, मला पुन्हा लंगोट धुवायला लावलंस तर मी गावी निघून जाईन."

मेंगबाई मनापासून हसल्या. "शहाणी बाई. तिला माझा नमस्कार सांग."

पाचवा मजला म्हाताऱ्यांचा. मांडीचं हाड मोडलेले, अर्धांगवायू झालेले, कुशीवर वळवल्याशिवाय वळता न येणारे. काचेबाहेर बंदरावर धुकं होतं, त्यामुळे सगळा मजला दुधात बुडवल्यासारखा दिसत होता. कॉरिडॉर लांबलचक. दिवे दिवसाही लागलेले.

चहाच्या खोलीत तिघी-चौघी बसल्या होत्या. ताटात वाफाळलेली रताळी. मेंगबाईंनी दारातूनच सांगितलं, "ही दासोम. एक मुलगी आहे आणि आता बस म्हणते."

एक गोल चेहऱ्याची उठली आणि तिने दासोमचे दोन्ही हात धरले. तिचं नाव मिरांग.

"खरंच? बस म्हणजे अगदी बस?"

"हो."

"मेंगबाई, हिला आजच युनिफॉर्म द्या! हिला घरी पाठवू नका, कुणी पळवेल." मिरांगने तिला आपल्या खुर्चीवर बसवलं, स्वतः डब्यावर बसली. "ए, मोठं रताळं द्या तिला. ते नको, ते आतून काळं असतं. हे घ्या ताई. ताई म्हटलं तर चालेल ना? तुम्ही आमच्यावर केवढे उपकार केलेत, तुम्हाला माहीत नाही."

"मी काय केलं?" दासोम हसत म्हणाली.

बायका एकमेकींकडे बघून हसल्या. मेंगबाईंनी एक रताळं उचललं आणि सोलता सोलता सांगायला लागल्या. आवाज चढा नाही, कडक नाही. नव्या सुनेला घरातलं तांदळाचं पिंप कुठे ते सांगावं तसा.

"हे बघ, बाळंतपणाची रजा सरकारने दिलीय. पण रजेवर गेलेल्या बाईच्या जागी माणूस कुणी दिलाय का? नाही. एक गेली की तिच्या नाइट बाकीच्यांवर. एके वर्षी दोघी एकदम गेल्या. उरल्या त्यांनी महिनाभर एकाआड एक नाइट केली. त्यातली एक पहाटे जिन्यात चक्कर येऊन पडली. तिचं होतं तेही गेलं. तिने कुणाला सांगितलंच नव्हतं तिला दिवस गेलेत ते. तेव्हा आम्ही बायकाच बसलो आणि ठरवलं. एका वेळी एक. वरून कुणी सांगितलेलं नाही, आम्हीच आमच्यात क्रम लावला. जिची नोकरी जास्त, तिचा नंबर आधी. ती मोकळी झाली, कामावर परत आली, की पुढची."

"आणि कुणाला आधीच..." दासोमचं रताळं हातात तसंच राहिलं. "म्हणजे चुकून..."

"चुकून कसं होईल? सगळ्या नर्स आहोत." मेंगबाई हसल्या. "तुझ्यासारखी एक कायमची जागेवर असली, की दोघींच्या मधलं वाट पाहणं तेवढं कमी. म्हणून पोरी खूश आहेत."

"माझा तिसरा नंबर आहे, ताई," मिरांग म्हणाली. "माझा नवरा दर रविवारी विचारतो, रांग हलली का? जसं काही मी पिठाच्या गिरणीत उभी आहे!"

सगळ्या हसल्या. दासोमही हसली. हसताना तिचं लक्ष समोरच्या कपाटाकडे गेलं. कपाटाशेजारी, भिंतीला टेकवून, जवळपास माणसाच्या उंचीची एक जुडी ठेवलेली होती. पांढऱ्या कागदात गुंडाळलेली, लाल दोऱ्याने बांधलेली. कागद फाटला होता तिथून वाळलेलं समुद्री शेवाळ काळंभोर दिसत होतं. बाळंतिणीच्या सारासाठी घ्यायचं ते लांब शेवाळ. ते वाकवायचं नसतं, मोडायचं नसतं, नाहीतर बाळंतपण अवघड जातं म्हणतात. म्हणून घरात ठेवायला जागा नसली तरी लोक ते असं उभंच ठेवतात. कागदावर धूळ बसली होती.

"सेरिनचं आहे ते," मिरांग हळूच म्हणाली. "आत्ता तिचा नंबर चालू आहे. आम्ही सगळ्यांनी मिळून आणलं. लवकर आणलं जरा."

"कधी आणलं?"

"मागच्या वसंतात. नाही, त्याच्या आधीच्या."

तेवढ्यात दारात एक सडपातळ मुलगी आली आणि खोलीतलं बोलणं गपकन थांबलं. तिने कुणाकडे न बघता पेला घेतला.

"थंड पाणी नको, सेरिन," कुणीतरी म्हणालं.

"गरमच घेतेय."

"पायात मोजे घातलेस ना? फरशी गार आहे."

"घातलेत."

"नवरा आहे ना या आठवड्यात घरी? तुझी नाइट मी घेते हवं तर. तू जा घरी."

सेरिनने मान हलवली, पाणी उभ्यानेच प्यायली आणि गेली. सगळ्या जणी तिच्या पाठीकडे बघत राहिल्या. त्या बघण्यात प्रेम होतं की काय होतं, दासोमला सांगता आलं नसतं.

"आम्हाला दर महिन्याला कळतं," मिरांग तिच्या कानाशी म्हणाली. "ती पोटदुखीची गोळी घेते. त्या दिवशी इथे कुणी रेडिओसुद्धा लावत नाही."

दासोमने रताळ्याचा घास घेतला. गोड होतं, पण गिळायला वेळ लागला. कालपासून तिला गोडाचा वासही नकोसा होत होता. कुणाच्या लक्षात तर येत नाही ना, म्हणून तिने आणखी एक मोठा घास घेतला.

"कुणी येतंय का?" कॉरिडॉरमधून आवाज आला. "आजींना वळवायचंय!"

खोलीतल्या कुणी मान वळवली नाही. मिरांगने दुसरं रताळं सोलायला घेतलं.

"कुणीतरी या हो!"

"बोलावतंय कुणी," दासोम म्हणाली.

"हाग्योंग आहे. करेल ती."

"पण वळवायला दोघी लागतात ना?"

"एकटीने ठरवलं, आता एकटीने वळवेल," मिरांग म्हणाली. गोल चेहरा तोच, गालावरची खळी तीच, आवाज मात्र कुणा दुसऱ्याच बाईचा. "तिचा नंबर पाचवा होता, ताई. पाचवा! सेरिन बिचारी दीड वर्ष रडतेय आणि ही बाई मधूनच उठून सातव्या महिन्याचं पोट घेऊन फिरतेय, तिच्या डोळ्यांसमोर. आणि आमच्या सगळ्यांची रांग परत मागे."

"नाइटसुद्धा करतात त्या?"

"करते. पोटुशीला नाइट लावता येत नाही, पण माझी हरकत नाही असं स्वतः लिहून दिलंय तिने," मेंगबाई शांतपणे म्हणाल्या. हात पुसून त्या उठल्या. "चल, तुला वॉर्ड दाखवते. महिनाअखेर एक कपाट रिकामं होईल, ते तुझं. तोवर माझ्या कपाटात ठेव तुझे कपडे."

"कुणी सोडतंय?"

"हाग्योंग."

"त्या म्हणाल्या तसं?"

"अजून नाही म्हणाली," मेंगबाई म्हणाल्या. "म्हणेल."

कॉरिडॉरमध्ये मेंगबाई पुढे, दासोम एक पाऊल मागे. मेंगबाई खोल्या दाखवत होत्या, इथे सलाइनचे स्टँड, इथे मळक्या चादरी, इथे रात्री जरा लक्ष ठेवायचं, शेवटच्या खाटेवरचे आजोबा उठून बंदरावर जायला निघतात. दासोम 'हो' म्हणत होती. डोक्यात मात्र एकच हिशेब चालला होता. आत्ता धुकं आहे. डोंगर बर्फाने पांढरे होतील तोवर पोट काही दिसणार नाही. सैल युनिफॉर्म घेतला तर आणखी थोडं. रताळी खाऊन अंगाने भरले असंही म्हणता येईल. तोवर काम हातात बसलेलं असेल, सगळ्या ओळखीच्या झालेल्या असतील, मिरांग ताई ताई करत असेल. मग सांगितलं तर? तिने मिरांगचा मघाचा आवाज आठवला. वसंतात चेरी फुलायला लागतील तेव्हा सातवा महिना लागेल.

तिसऱ्या दारापाशी ती थांबली.

आत खाटेवर एक म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली होती. अंगाने चांगली थोराड. हाग्योंग खाटेच्या अलीकडच्या बाजूला वाकलेली. खांद्याखालची चादर दोन्ही मुठींत धरून ती म्हातारीला आपल्याकडे ओढायला बघत होती. पोट खाटेच्या लोखंडी दांडीला टेकत होतं. ती मागे सरली की चादर सुटायची. पुढे आली की दांडी पोटात रुतायची.

"राहू दे गं पोरी," म्हातारी भिंतीशी बोलत होती. "सकाळपासून ही भिंत बघतेय, आणखी थोडी बघेन. त्या डागाला आता मी नावसुद्धा ठेवलंय."

"आजी, पाठ लाल झालीय. वळावंच लागेल."

"मग माझ्या लेकाला बोलाव. तो बैल आहे, त्याला जमेल."

"तुमचा लेक ऑस्ट्रेलियात आहे ना?"

"बैलच तो. गेला तो गेला."

हाग्योंग हसली आणि तिने पुन्हा चादर धरली. तिने वर पाहिलं तेव्हा दारातली दासोम तिला दिसली. काळा सूट, जाळीतले केस. ती कोण आणि कशासाठी आलीय, हे तिच्या एका नजरेत लक्षात आलं असणार. तिने काही मागितलं नाही. चेहरा वळवून ती परत खाली वाकली.

"औषधांची खोली राहिलीय," मेंगबाई म्हणाल्या. त्यांचा हात दासोमच्या पाठीवर आला. तोच ऊबदार हात. त्याने ढकललं नाही, पण दिशा दाखवली.

दासोम निघाली. चार-सहा पावलं चाललीसुद्धा. तिची मुलगी बोम बालवाडीत सगळ्यांना सांगून आली होती, माझी आई आता सुई टोचणारी होणार. सासूबाई दुपारी भाजी निवडता निवडता फोनकडे बघत बसल्या असतील. मासळीचा कारखाना. त्या गार पाण्यात दिवसभर हात. सातव्या महिन्यातही. तिथे तरी कोण कुणाचा नंबर धरून ठेवतं?

मागून एक आवाज आला. ओरडणं नव्हतं. फक्त 'हं' असा, दाताखाली दाबलेला, वजन उचलताना बाईच्या तोंडून निघतो तसा. बोमच्या वेळी हा आवाज तिच्या स्वतःच्या तोंडून निघाला होता, आणि शेजारी कुणी नव्हतं.

हिच्या जागेवर मी येणार, दासोमच्या मनात आलं, आणि चेरी फुलतील तेव्हा याच दारात काळा सूट घालून कुणीतरी उभी असेल. मेंगबाई तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणतील, औषधांची खोली राहिलीय.

"दासोम," मेंगबाई म्हणाल्या.

"आले," ती म्हणाली आणि मागे वळली.

सूटचा कोट भाड्याचा होता. तो काढून तिने खुर्चीच्या पाठीवर टाकला, बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या, खाटेला वळसा घालून भिंतीच्या बाजूला शिरली. तिथे जेमतेम एका माणसापुरती जागा होती. म्हातारीने डोळे वर करून तिच्याकडे पाहिलं.

"ही कोण? मयतीला आल्यासारखे कपडे घालून? मी अजून आहे गं!"

"आहात ना आजी. म्हणून तर आले."

तिने चादरीची कड गुंडाळून मुठीत घेतली. हाग्योंगने पलीकडची घेतली. दोघींच्या नजरा एक झाल्या. "एक, दोन..." हाग्योंग म्हणाली, आणि तीनला दोघींनी उचललं. म्हातारी अलगद वर आली, सरकली, कुशीवर वळली, तिचं तोंड खिडकीकडे झालं. बाहेर धुक्यात एक जहाज उभं होतं, फक्त त्याचा वरचा भाग दिसत होता.

हाग्योंग दासोमकडेच बघत होती. तिच्या हातांकडे नाही. गुडघ्यांकडे. वजन उचलताना दासोमने पाठ वाकवली नव्हती, गुडघ्यांतून बसली होती, आणि पोट दांडीपासून चांगलं वीतभर लांब ठेवलं होतं. गुडघ्यांतून उचलायला शिकवतात, पोट असं जपायला कुणी शिकवत नाही.

"कितवा महिना?" हाग्योंगने ओठ न हलवता विचारलं.

दारात मेंगबाई उभ्या होत्या. त्यांच्या मागे सोललेलं रताळं हातात घेऊन मिरांग, आणि तिच्याही मागे, भिंतीला टेकून, सेरिन. दासोमलाही ओठ न हलवता उत्तर देता आलं असतं. नुसती मान हलवूनही 'नाही' म्हणता आलं असतं.

"दुसरा," ती म्हणाली. नेहमीच्या आवाजात, जसं कुणी पत्ता विचारावा आणि सांगावा.

मिरांगने हातातल्या रताळ्याकडे पाहिलं. मेंगबाईंनी चष्मा उतरवला, तो साखळीला लोंबत राहिला. थोड्या वेळाने त्यांच्या चपला कॉरिडॉरमध्ये दूर जाताना ऐकू आल्या, सावकाश, घाई नसलेल्या. सेरिन मात्र हलली नाही. ती दासोमच्या पोटाकडे बघत होती, जिथे अजून काहीच दिसत नव्हतं. दासोमने डोळे खाली केले.

"अगं पोरींनो," म्हातारी म्हणाली, "पाठीखाली काहीतरी टोचतंय."

दासोमने तळहात चादरीवरून तिच्या पाठीखाली सरकवला. तिथे चादरीला बारीकशी चुणी पडली होती. तिने ती ओढून सपाट केली, टोक गादीखाली खोचलं, आणि आणखी कुठे राहिलीय का ते पाहायला हात तसाच हळूहळू पुढे नेत राहिली.